रिकाम्या धोट्याचा नाद

या, जवळ या. असे दारात उभे राहू नका. सतरंजीची ही कड मोकळी आहे, इथे टेका. टाळ अजून पिशवीत आहेत, बुवा हातपाय धुताहेत, समईची वात नुकती तेल पिऊ लागली आहे. कीर्तन उभं राहायला अवकाश आहे. तेवढ्यात तुम्हाला एक गोष्ट सांगतो. देवाची नाही, रखुमाईच्या एका पातळाची. आणि ते पातळ जिच्या हातून पुरं झालं नाही, तिची.

माघातली सकाळ होती. वैनगंगेवर धुक्याचं विरविरीत वस्त्र पसरलं होतं, आणि सूर्य हळदीच्या बोटांनी त्याचा एकेक धागा उसवत होता. धान कापून झालं होतं. रित्या बांध्यांमध्ये, धानाच्या खुंटांच्या पायाशी, लाखोळीची इवली निळी फुलं उमलली होती. आभाळ रात्री भुईला टेकावं आणि उठताना थोडं तिथेच सांडून जावं, तशी. तळ्याकाठी बगळे उभे होते. शुभ्र, निश्चल, मौनव्रती.

त्या नदीच्या काठी मोहाळी नावाचं गाव, आणि गावाच्या उगवतीला कोष्टीपुरा. एके काळी त्या पुऱ्यात कोंबड्याच्या आधी माग बोलत. घराघरातून नाद उठे. सर्र, धप्. सर्र, धप्. धागा सोडत जाणाऱ्या धोट्याची ती सर्र, आणि धाग्याला धाग्याशेजारी नीट बसवणाऱ्या फणीचा तो धप्. साऱ्या आळीनं हातात टाळ घेऊन एका लयीत उभं राहावं, असं वाटे.

मग एकेक घर मुकं झालं. कुणी यंत्रमागाच्या शहरी गेलं, कुणी वीटभट्टीवर. पाय सोडून बसायचे मागाचे खड्डे कुणी बुजवले, कुणी त्यांत कांदे साठवले. या गोष्टीच्या वेळी त्या आळीत एकच माग जागा होता. डोमाजी निमज्यांचा.

लहानसा माग. ओसरीच्या कोपऱ्यात, खाटेएवढ्या जागेत मावणारा. हातांच्या घर्षणानं त्याचं लाकूड देवघरातल्या चौरंगासारखं काळंभोर, तुकतुकीत झालेलं. वरच्या आडव्या बांबूला बुक्क्याची पुडी बांधलेली, आणि तिच्याशेजारी भजनातले डोमाजीचे टाळ टांगलेले. धोटा जोरात गेला की ते टाळ आपसूक किणकिणत. न बोलावता साथीला बसणाऱ्या जुन्या टाळकऱ्यासारखे.

काय सुख होतं हो त्या मागात. सांगू म्हटलं तर जीभ अपुरी पडते.

सकाळी भागरथा, डोमाजीची बायको, तांदळाच्या पेजेची खळ शिजवी. तो ऊन, गोडसर वास घरभर फिरे, आणि शेजारची मांजर उंबऱ्यावर येऊन बसे. मग दोघं ताणा घेऊन आळीत जात. उभ्या धाग्यांचा तो लांबच लांब पट्टा दोन खुंट्यांत ताणला जाई. आणि कोवळ्या उन्हात खळीचा कुंचला त्यावरून फिरे, तेव्हा कोशाचा, त्या रानच्या रेशमाचा, एकेक धागा मधासारखा उजळे. वीणेच्या तारा लावाव्यात तसा डोमाजी बोटांनी ते धागे लावी. वारा आला तर ताणा गुणगुणे. खरंच गुणगुणे, कान लावून ऐकलेले लोक अजून आहेत.

कोशाच्या धाग्याला रानाचा वास असतो. ऐनाच्या पानांचा, अर्जुनाच्या सालीचा, पावसात भिजून उन्हात वाळलेल्या लाकडाचा. भागरथा रहाटावर धोट्यात बसणाऱ्या धाग्याच्या कांड्या भरी, तेव्हा तो वास तिच्या बोटांना लागे. आणि भाकरी थापताना भाकरीला. डोमाजी घास तोडून म्हणे, आज ऐनाच्या झाडाखाली जेवल्यासारखं वाटलं.

आणि मग विणणं. त्या पुऱ्यातलं पातळ एकट्यानं विणायचं नसतं. मध्ये मधुवर्णी कोसा, दोन्ही काठांना लाल करवत. करवतीच्या दातांसारखे टोकदार दात कोशात घुसलेले. मधला धोटा डोमाजीचा, काठाचा धोटा भागरथेचा. प्रत्येक ओळीला त्याचा धागा धावत येई, तिचा धागा पुढे होई, दोघांची एक गळाभेट होई, आणि दोघं आपापल्या वाटेनं परत फिरत. ओळीमागून ओळ. भेट आणि माघार, भेट आणि माघार. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांचा संसार असा काठाशी भेटत आला होता.

बोलणं थोडं. थट्टा मात्र रोजची. डोमाजी डोळे बारीक करून म्हणे, "भागरथे, तुह्या करवतीनं माह्या कोशाले खाऊन टाकलं वं."

ती मान वर न करता म्हणे, "खाल्लं नाई. चावून पाह्यलं. अलोणी हाय."

टाळ किणकिणत. धोटा जाई, धोटा येई.

त्यांना मूल नव्हतं. नवस झाले, फेरे झाले, अंगारे झाले. भागरथेची कूस रिती राहिली, आणि पुढे दोघांनी तो विषयच घडी घालून ठेवून दिला. पण घराला वंश नव्हता असं मात्र म्हणू नका. या घराचा वंश मागावर होता. कसा, ते ऐका. कारण पुढचं सगळं दुःख त्यातूनच येणार आहे.

पातळ पुरं झालं की कोष्टी ते मागावरून कापतो. पण ताणा सगळा कापत नाही. बित्ताभर जुने धागे फणीत तसेच ठेवतो, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या जुन्या धाग्याशी, बोटाला राख लावून, पीळ देऊन सांधतो. असंख्य धागे, असंख्य गाठीविना गाठी. जुन्याच्या शेवटाला नव्याचा आरंभ. डोमाजीच्या आज्याच्या आज्यानं हा माग मांडला, तेव्हापासून तो कधी उघडा पडला नव्हता. कधीही नाही. एक ताणा संपताना पुढच्याचा हात धरून संपला होता. मायबाप गेले, पूर आले, पटकी आली. तो एक अखंड धागा माणसामागून माणसाच्या बोटांतून वाहत राहिला.

आणि एक रीत होती. कठोर रीत. घरधनी गेला आणि मागावरचं वस्त्र पुरं झालेलं असलं, तर वस्त्र जगात जातं आणि माग पुढच्याला मिळतो. पण अर्धं वस्त्र मागावर असताना तो गेला, तर त्या वस्त्राला पुन्हा कुणाचा धोटा लागत नाही. ताणा मुळापासून कापतात. फणीत धागा ठेवत नाहीत. आणि ते अर्धं वस्त्र गेलेल्याच्या अंगावर पडतं. ज्याचं अपुरं, त्याच्याबरोबर.

डोमाजीला आश्विनात खोकला लागला. कार्तिकात पंच्याच्या टोकाला तांबडं दिसलं. काठाच्या धाग्याइतकंच तांबडं. मार्गशीर्षात मोठ्या दवाखान्यातून परत आणला, तेव्हा तो स्वतःच्या पायांनी गाडीतून उतरला नाही. डॉक्टरांनी भागरथेला बाजूला घेऊन सांगितलं होतं, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. त्या आवडेल ते खाऊ घाला या शब्दांचा अर्थ तिला दवाखान्याच्या पायरीवरच कळला होता.

त्याची खाट माजघरात घातली. मधलं दार त्यानं बंद करू दिलं नाही. दिसत काही नव्हतं. ऐकू येत होतं. मागावर त्या वर्षीचं रखुमाईचं पातळ होतं. माघाच्या सप्त्यात, गोपालकाल्याच्या दिवशी, मोहाळीची रखुमाई डोमाजीच्या घरचं पातळ नेसते. कुणाला आठवत नाही तेव्हापासून नेसते. अर्ध्याहून थोडं अधिक झालं होतं. उरलेलं भागरथा एकटी विणू लागली.

एकटी, म्हणजे दोघांची. मधला धोटा फेकायचा, उठायचं, वाकून काठाचा धोटा घालायचा, गळाभेट घडवायची, परत बसायचं. नवऱ्याचा हात तिचाच, बायकोचा हात तिचाच. आतून खोल, झिजलेला आवाज येई, "डावा हात जड पडून राहिला." ती हात हलका करी. थोड्या वेळानं आवाज येई, "हां." त्या एका हां-साठी ती दिवसभर विणी. मरणाच्या सावलीतही सुख असतं, हे खोटं नाही. ते त्या हां-एवढं असतं.

एके दुपारी त्यानं तिला जवळ बसवलं. खूप बोलला नाही; बोलवत नव्हतंच. त्याचं मागणं एकच होतं. पातळ आपण असताना पुरं व्हावं, रखुमाईला जावं, आणि फणीतला धागा राहावा. भागरथेची जाऊ ठमा पलीकडच्या घरात राही. तिची सून, नवी पोर, मागाशी येऊन टकमक बघत बसे, शिकते म्हणे. तिच्या बोटात हा धागा दे, असं त्याचं म्हणणं. "आपलं पोर नाई झालं, भागरथे," तो म्हणाला. "हा धागा तेवढा कोणाच्या ओटीत घाल."

तिनं मान हलवली. आणि ती विणू लागली, वाऱ्यासारखी, व्रतासारखी.

पण मग काय झालं, ऐका. पातळ वाढू लागलं आणि डोमाजी सरू लागला.

इकडे गुंडाळलेल्या कापडाचं वेटोळं दिवसागणिक जाड होई. तिकडे खाटेवरचा माणूस दिवसागणिक पातळ होई. इकडे लाल दातांची रांग लांबे. तिकडे श्वासाची रांग आखडे. भागरथा माजघरात जाई, त्याचं मनगट हातात घेई, आणि तिला वाटे, मी याच्यातलाच धागा ओढून घेते आहे. याचीच कांडी रिती होते आहे, आणि तिकडे रखुमाईचा पदर भरतो आहे.

आणि एका सकाळी तिच्या मनात ते आलं. हा पातळासाठी थांबला आहे. पातळ झालं, की हा जाईल.

बित्ताभर विणायचं उरलं होतं. फक्त बित्ताभर.

तिनं धोट्यातली कांडी काढून घेतली. रिकामा धोटा हातात तोलला. आणि फेकला.

खट्. टक्.

पुन्हा फेकला. खट्. टक्. धोटा गेला, धोटा आला. फणी आपटली, फणी उठली. ओळ वाढली नाही. माग बोलत होता आणि काही म्हणत नव्हता. वरचे टाळ मात्र किणकिणले, भोळ्यासारखे. ती दिवसभर अशी बसली. उद्या विणीन, तिनं रखुमाईला सांगितलं. उद्या. आजचा दिवस मला दे. आणि उद्या आल्यावर तिनं तेच सांगितलं.

देवळात सप्ता बसला होता. दुपारच्या कीर्तनाचा मृदंग नदीवरून वळसा घेऊन कोष्टीपुऱ्यात येई. तिकडे खरा मृदंग, इकडे खोटा माग. अंगणातल्या उन्हात दोन्ही नाद एकमेकांत मिसळत, आणि कुणाला फरक कळू नये असं तिला वाटे.

कुणाला कळला नसता. पण माजघरात कोष्टी निजला होता.

काल्याच्या आदल्या दुपारी त्यानं तिला हाक मारली. पाणी मागितलं. दोन घोट गिळले, एक ओठाच्या कडेनं गेला. तिनं पदरानं टिपला. तेव्हा तो म्हणाला, "खाली धोटा फेकून राहिली तू. कांडी नाई त्यात."

ती दचकली नाही. म्हणाली, "तुमच्या कानाले दडे बसले. खोकून खोकून."

तो हसला. हसण्यानं खोकला उसळला. बराच वेळ दोघंही त्या खोकल्याच्या जाण्याची वाट बघत राहिले, दारात आलेल्या सावकाराची बघावी तशी. मग तो म्हणाला, "दडे बसले असते तं बरं होतं. परवापासून सर्र आयकू येत नाई मले. अन फणी कोरडी वाजते."

भागरथा भुईकडे बघत होती. सारवणातल्या बोटांच्या रेघांकडे. त्या रेघा तिच्याच होत्या.

"पातळ झालं का तुमी जासान," ती म्हणाली.

"तं?"

"तं मी नाई विणत."

मृदंगाची एक थाप आली, दुसरी आली. त्यानं हात पुढे केला. तिच्या बोटांवर ठेवला. बोटाला बोट लागलं तेव्हा त्याला ऐनाचा वास आला असेल. असेलच.

"येडी," तो म्हणाला. "मी का पातळासाठी थांबलो? मी आयकासाठी थांबलो. दोन दिवस झाले, तू मले उपाशी ठेवलं."

मग, अगदी सावकाश, बाजाराला निघालेल्या माणसानं सांगावं तसं त्यानं सांगितलं, "जाय. वीण. पुरं होय तवरी मी थांबतो."

ती उठली. कांडी भरली, मधाची एक, कुंकवाची एक. खड्ड्यात पाय सोडले. पायाखालची पावडी दाबली, आणि धोटा सरळ गेला.

सर्र. धप्.

आतून आवाज आला, "हां."

आणि त्या एका ओळीत, माझ्या मायबापांनो, सगळं होतं. खळीचा वास, आळीतलं ऊन, गुणगुणणारा ताणा, उंबऱ्यावरची मांजर, अलोणी कोशाची थट्टा. सर्र, धप्. लाल धागा पुढे झाला, मधुवर्णी धागा धावत आला, गळाभेट झाली. सर्र, धप्. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ हसत होते. असं तिनं आयुष्यात कधी विणलं नव्हतं.

मग एक धागा तुटला.

मग त्याच्या शेजारचा.

तेव्हा तिला कळलं, आपण काय केलं. रिकामी फणी दोन दिवस एकाच जागी आपटत राहिली होती. आडवा धागा मध्ये असला की फणीचा मार तो झेलतो; तो नव्हता, म्हणून मार उभ्या ताण्यानं खाल्ला. त्या बित्ताभर जागेतली खळ फणीनं खरवडून नेली होती. धागे उघडे पडले होते. उकलले होते, विरले होते. नजर लागली तरी तुटतील असे. जो नाद तिनं त्याला जगवायला वाजवला होता, तो नाद तेवढ्यात ताणा खात बसला होता.

तिनं चुलीतली राख बोटाला लावली. तुटलेलं टोक शोधलं, पीळ दिला, सांधलं.

"काऊन थांबली?" आतून आवाज आला.

"धागा तुटला."

"जोड. मी हाय."

सर्र, धप्. सर्र, धप्. पुन्हा तुटला. तिनं राख घेतली, पीळ दिला. आतून, थोडा दुरून, "मी हाय." एक सांधला की दोन तुटत. दोन सांधले की ती एक ओळ टाकी. बोटांतला घाम राखेला लागे, राख चिकट होई, पीळ सुटे. ऊन ओसरीतून अंगणात गेलं, अंगणातून कुडावर चढलं. "मी हाय." देवळातलं कीर्तन आटोपत आलं; टाळ दुगणीत गेले. "मी हाय." आता तो शब्द नव्हता, शब्दाचा तंतू होता. खळ गेलेला, विरलेला. तरी येत होता.

चार बोटं उरली.

एक धागा तुटला. तिनं वाट पाहिली, आतून विचारणं येईल म्हणून. आलं नाही. तिनं आपणहून सांगितलं, "धागा तुटला."

देवळात आरती सुरू झाली. घंटा वाजली. कुडावरचं ऊन गेलं.

भागरथेच्या बोटांत त्या धाग्याची दोन्ही टोकं होती. तिनं घाई केली नाही. राख लावली. पीळ दिला. ओढून पाहिला, धरला होता. मग ती उठली आणि माजघरात गेली.

ठमा पहिली आली. रडली, भागरथेला छातीशी धरून रडली. मग डोळे पुसताना तिची नजर ओसरीतल्या मागावर गेली, त्या चार बोटांवर अडली. तीही कोष्ट्याच्या घरची. तिला सांगावं लागलं नाही.

ती भागरथेच्या कानाशी लागली. तिचं म्हणणं असं : पुरं झालं होतं, म्हण. चार बोटांचं काय, तो पदराचा शेव, दशा सोडल्या असं समज. माझी सून उद्या रखुमाईला नेऊन नेसवेल. रखुमाई का चार बोटं मोजून घेते? धागा राहील, भाऊजीचा शब्द राहील. कोणाचं काय जाते?

दारात माणसं जमली. पुऱ्यातले वडीलधारे गणबाजी आले. त्यांच्या घरचा माग कधीच विझला होता, पण रीत विचारायची ती त्यांनीच. ते ओसरीत आले, मागाकडे पाठ करून उभे राहिले. मुद्दाम पाठ केली, सगळ्यांनी पाहिलं. आणि भुईकडे बघत त्यांनी विचारलं, "सूनबाई, पातळ पुरं झालं होतं का वं?"

तो प्रश्न नव्हता. ते एक दार होतं, आणि त्यांनी ते उघडून धरलं होतं. हो म्हण, असं साऱ्या ओसरीचे श्वास म्हणत होते. त्या पुऱ्यातला तो शेवटचा माग होता. कुणालाच तो उघडा पडायला नको होता.

भागरथेनं माजघराकडे पाहिलं. त्याचे ओठ किंचित उघडे होते. पुढचा शब्द म्हणायचा राहिल्यासारखे.

"नाई," ती म्हणाली. "चार बोटं राह्यलं."

ठमानं तिचा हात दाबला. भागरथेनं तो हळूच सोडवला.

"खाली धोट्यानं एकदा फसवलं म्या त्यायले," ती म्हणाली. "माहं खोटं पकडून बी ते रागावले नाई. थांबले. आता त्यायच्या मागं पुन्यांदा नाई फसवत."

गणबाजींनी उपरण्यानं तोंड झाकलं.

विळा तिनंच मागितला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. खड्ड्यात उतरली, जिथे रोज बसायची तिथे बसली, आणि फणीच्या पलीकडे, मुळाशी, ताण्यावर विळ्याची धार टेकवली. तुम्ही तंबोऱ्याची तार तुटताना ऐकली आहे? तशा तारा. एक, आणि मग एक, आणि मग झुंबड. आज्याच्या आज्याचा पीळ गेला. पटकीतून वाचलेला पीळ गेला. पुरातून वाचलेला पीळ गेला. शेवटी तिनं आजच्या दुपारी राखेनं सांधलेले धागे आले. ते सगळ्यांत नवे होते, ते सगळ्यांत शेवटी तुटले.

माग उघडा पडला. त्याच्या चौकटीतून पलीकडचं अंगण दिसलं. त्या घरात कुणीही कधी ते तिथून पाहिलं नव्हतं.

रखुमाईचं पातळ डोमाजीच्या अंगावर पडलं. मधुवर्णी कोसा, दोन्ही अंगांना लाल करवत. गळ्याशी कापड घट्ट, सुबक, दोघांच्या हातचं. कमरेपासून तिच्या एकटीच्या हातचं. आणि पायाशी ती चार बोटं, न विणलेली, नुसते उभे धागे. नदीवर नेताना वारा सुटला, तेव्हा ते धागे पावलांवर हलत होते.

दुसऱ्या दिवशी काला झाला. बुवांनी हंडी फोडली, दह्यात कालवलेल्या लाह्या सगळ्यांच्या ओंजळीत पडल्या. रखुमाई मागच्या वर्षीचं पातळ नेसून कमरेवर हात ठेवून उभी होती. रंग थोडा उतरला होता. सुतकाच्या घराबाहेर, उंबऱ्यापाशी, कुणीतरी पानाच्या द्रोणात काला ठेवून गेलं. भागरथेनं तो मागाखालच्या खड्ड्यात बसून खाल्ला.

सुतकाचे दिवस सरल्यावर ठमाची सून आली. बोटाला राख लावूनच आली, वेडी पोर. शिकवा म्हणाली. भागरथेनं तिचा हात हातात घेतला, ती राख आपल्या पदरानं पुसली, आणि नीट, न रडता सांगितलं की जोडायला मागे काही उरलेलं नाही. पोर थोडा वेळ बसली, उघड्या चौकटीतून अंगणाकडे बघत राहिली, आणि गेली.

लाखोळीची फुलं झडली. शेंगा धरल्या. तळ्यातलं पाणी आत सरकलं, बगळे त्याच्यामागे आत गेले. पळसांनी नदीकाठ पेटवला, आणि विझवला. कोष्टीपुऱ्यात सकाळी आता कोंबडाच पहिला असतो.

पण दुपारी, उन्हं ओसरीत आली की, अजून एक नाद येतो. भागरथा मागावर बसते. पाय पावडीवर ठेवते. ताणा नाही, आडवा बाणा नाही, कांडी नाही. ती रिकामा धोटा हवेतून फेकते, पलीकडे झेलते.

खट्.

आणि थांबते. माजघराच्या उघड्या दाराकडे कान लावून थांबते. खाली धोटा फेकून राहिली तू, असं कुणी म्हणेल म्हणून. तिचं खोटं कुणीतरी पकडावं म्हणून.

वरचे टाळ किंचित हलतात. कुणी म्हणत नाही.

खट्.

झालं. बुवा आले; उठू नका, असेच जवळ बसा. आता मृदंग लागेल, टाळ पडतील, आपण सगळे नामात बुडून जाऊ. एवढंच मागतो : टाळावर टाळ पडतो ना, त्या दोहोंच्या मध्ये एक रिती जागा असते. गेलेला नाद गेलेला असतो आणि येणारा अजून आलेला नसतो. त्या जागी, श्वासाएवढ्या त्या जागी, माझ्या भागरथेला आठवा.

टाळ पडेल. टाळ थांबेल.

त्या थांबण्यात ती बसली आहे. हातात धोटा, आणि कान दाराशी.